दुखणं आपलं, विनोदही आपलाच : जुनाट आजारात हसणं, चितारणं, रचणं

हरिपूररस्ता (धागा काढणारी)

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, असा हा आजार. तो आटोक्यात ठेवता येतो, पण एकदाचा बरा होऊन संपला असं होत नाही. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, नळाची तोटी फिरत नाही, आणि अंग मोकळं व्हायला दहा वाजतात. मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं तयार करायची हे माझं काम, आणि आजाराने नेमके हातच धरले.

औषधांवर आपल्याकडे आधीच भरपूर धागे आहेत, इथे ती चर्चा नको. मला विचारायचंय ते असं की, वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या दुखण्यात तुम्ही हसता कसे, आणि हाताने, गळ्याने, कागदावर काय करता?

माझं मत आधी सांगते. आजारावर विनोद करण्याचा पहिला हक्क आजाऱ्याचा. तो त्याने केला की मग घरच्यांनी, मित्रांनी त्यात भर घालावी. आजारी माणसाबद्दल सगळे बोलत असतात. डॉक्टर बोलतात, नणंद बोलते, शेजारीण बोलते, रिक्षावालासुद्धा बोलतो. तो बिचारा फक्त उत्तरं देत बसतो. दुखतंय का? गोळी घेतली का? पथ्य पाळतेस ना? ज्या दिवशी तो स्वतः एखादी कोटी करतो, त्या दिवशी बोलणारा तो असतो आणि ऐकणारे बाकीचे. मला विनोदाचं मोल यातच वाटतं. वेदना कमी होते की नाही हा पुढचा प्रश्न.

लाफ्टर क्लबची गोष्ट याच अंगाने फार बोलकी आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत तो सुरू केला तेव्हा लोक एकमेकांना विनोदच सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, बोचणारे येऊ लागले आणि माणसं दुखावली गेली. मग विनोद बाजूला ठेवून नुसतं हसायचं ठरलं. दुसऱ्याच्या जिवावरचं हसू किती लवकर आंबतं, ते यात दिसतं.

आता कलेकडे वळते. माझ्या उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते, कुणाला लागल्या तर घ्या. पेन्सिल चिमटीत धरणं हे दुखऱ्या बोटांना सगळ्यात जड जातं, म्हणून पकड जाड करायची. एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम फ्रिज-एसीचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात फुटावर मिळतो. बोटभर तुकडा कापून पेन्सिलीवर, ब्रशवर, अगदी उलथन्यावरही चढवा. रांगोळी चिमटीने सोडणं बंद करून मी सॉसच्या बाटलीत रांगोळी भरते आणि तोटीचं भोक जरा मोठं करून घेते. कात्री चालत नसेल तर कागद फाडा. जुन्या कॅलेंडरचे, लग्नपत्रिकांचे कागद फाडून केलेलं चिकटकाम कात्रीने कापलेल्यापेक्षा मला जास्त जिवंत वाटतं, कारण फाटलेल्या कडेला पांढरी रेघ येते आणि ती आपोआप उजेडासारखी दिसते.

रेन्वार या फ्रेंच चित्रकाराला माझाच आजार होता. बोटं पार वळली होती, तरी तो शेवटपर्यंत रंगवत राहिला. त्याच्या हाताला ब्रश बांधून द्यायचे असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या कातडी सोलू नये म्हणून असत आणि ब्रश तो स्वतः धरायचा. ब्रश कुणीतरी बांधून देणं आणि आपण तो धरणं, या दोन्हींत मला तर जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

लिहा सगळ्यांनी. लांब लिहिलंत तरी चालेल.

कऱ्हाडी_काठ

ताई, आमच्या घरी डायलिसिसला वसुली म्हणतात. हा शब्द कसा आला ते सांगतो.

वडील डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दोन डायलिसिसच्या मध्ये शरीरात पाणी साठतं आणि वजन वाढतं. ते पाणी काढून ज्या वजनावर माणूस यायला हवा त्याला ड्राय वेट म्हणतात. वडिलांची उभी हयात पतसंस्थेत वसुलीवर गेली. त्यांनी पहिल्याच महिन्यात सगळ्याचं नामकरण करून टाकलं. ड्राय वेट म्हणजे मुद्दल, वाढलेलं पाणी म्हणजे व्याज आणि मशीन म्हणजे पतसंस्था. काट्यावर उभे राहिले की स्वतःच ओरडतात, "लिहा सिस्टर, दोन किलो तीनशे व्याज!" शेजारच्या खाटेवरच्या काकांचं साडेतीन निघालं की म्हणतात, "पाहुणं, हप्ता थकवलाय तुम्ही, जप्ती येणार."

हे आता त्या सगळ्या खोलीचं झालंय. तिथला टेक्निशियन पण विचारतो, "आज वसुली किती धरायची?" आणि गंमत अशी की याचा उपयोग झाला. "पाणी कमी प्या" म्हणून आई कानीकपाळी ओरडायची तेव्हा ते चिडायचे. आता मिठाचं लोणचं पुढे आलं की स्वतःच ताट सरकवतात, "नको, व्याज चढतंय." मीठ गेलं की तहान लागते, तहान लागली की पाणी जातं, हे गणित त्यांना त्यांच्या भाषेत पटलं.

एक जाता जाता. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात, केळी आणतात. डायलिसिसच्या बहुतेक पेशंटना ती चालत नाहीत, त्यातलं पोटॅशियम हृदयावर उठू शकतं. वडिलांनी दारावर पाटी लावलीय. ‘शहाळी बाहेर ठेवा, माणसं आत या.’

बेदाणा_तासगाव

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान असेन, कॉलेजला आहे. मला टाइप १ मधुमेह आहे, शाळेत असल्यापासून. यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. गोड खाल्ल्याने हा होत नाही. पण हे लग्नात कुणाला सांगणार?

तर मी आणि माझ्या भावाने हाऊजी काढली. आपली लग्नात, सहलीत खेळतात तीच, फक्त तिकिटावर आकड्यांच्या जागी सल्ले. ‘कारल्याचा रस’, ‘जांभळाच्या बियांची पूड’, ‘आमच्या एका पाहुण्याची गेली बघ’, ‘इन्सुलिनची सवय लागते’, ‘एवढ्याशा वयात?’, ‘लग्नाआधी सांगू नका’. मी प्रत्येक चौकटीत छोटं चित्र काढते. कारल्याला मिशा आहेत, जांभळाच्या बीने चष्मा घातलाय. पंगतीला बसलो की दोघांनी गुपचूप खुणा करायच्या. पहिली ओळ पूर्ण झाली की भाऊ खाकरतो.

आधी लग्नाला जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. आता कुणी जवळ येऊन "बाळ, एक सांगू का" म्हणालं की मी मनातल्या मनात तिकीट बाहेर काढते. आणि पोटावर सुई टोचून घ्यायला मी आता बाथरूममध्ये लपत नाही.

माणदेशी_माणूस

पोरी, चित्रं भारी असणार यात शंका नाही. पण मला एक गोष्ट खटकली, ती स्पष्ट लिहितो. कारल्याचा रस सांगणारी आत्या मायेने सांगते. तिला शास्त्र कळत नाही, पण तिला तुझी काळजी आहे. तिला तिकिटावरचा आकडा करणं बरं नाही. माझ्या पत्नीला ल्युपस आहे, हाही संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. आम्हीही असले सल्ले पुष्कळ ऐकले. चिडलो नाही, हसलोही नाही. "बघतो" म्हणून सोडून दिलं.

बेदाणा_तासगाव

काका, तुमचं म्हणणं पोचलं. पण आत्याला हाऊजीबद्दल माहीत आहे. तिला मी स्वतः तिकीट दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यात मेथीचे दाणे कुठायत?" आता मेथीची चौकट तिच्या नावाने आहे आणि ती पण खेळते. इन्सुलिन बंद कर असं तिने त्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही. नुसतं "बघतो" म्हणत राहिले असते तर हे झालं नसतं असं मला वाटतं.

हरिपूररस्ता

माणदेशी दादा, तुमची कळकळ मला समजते, आणि हा मुद्दा तुम्ही काढलात हे बरंच झालं. माझ्या मते कसोटी एवढीच की, ज्याच्यावरून हसतोय त्याला ते दाखवता येईल का? आत्याला तिकीट दाखवता आलं, म्हणून ते हसू स्वच्छ आहे. स्टाफरूममध्ये माझ्या बोटांवरून एकदा एक वाक्य माझ्या पाठीमागे बोललं गेलं. ते माझ्यासमोर म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. फरक तिथेच कळतो. तुमच्या घरी हसू नसेल तरी त्यात काही कमी नाही. वहिनींना काय आवडतं ते लिहा ना.

माणदेशी_माणूस

ती गोधडी शिवते. उन्हात गेलं की तिचा त्रास वाढतो, त्यामुळे दिवसा घरातच असते. माझ्या जुन्या धोतराचे, पोरांच्या शाळेच्या गणवेशाचे तुकडे. ज्या दिवशी अंग फार दुखतं त्या दिवशी ती एकच ओळ घालते आणि तिथे लाल धागा वापरते. बऱ्या दिवशी पांढरा. गोधडी अंथरली की कुठला महिना कसा गेला ते दिसतं. डॉक्टरीणबाईंनी एकदा तपासणीला विचारलं की मागच्या काळात त्रास कधी वाढला होता, तर हिने गोधडीचा फोटोच दाखवला. ताई, हसण्याबद्दल मी अजून विचार करतोय.

जवारी

मिरजेचा आहे. आमचं घर तंतुवाद्यांचं. भोपळा निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं घरातच चालतं. माझ्या वडिलांचा हात जवारीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसून असा उतरता करायचा की तार त्याला हलकी घासत बोलली पाहिजे. केसभर जास्त घासलं गेलं की आवाज बसला. वडिलांना पार्किन्सन्स झाला आणि ते काम हातातून गेलं.

हसण्याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो. माणसाला आतून हसू येतं पण चेहऱ्यावर उमटत नाही. भेटायला येणारे एखादी गंमत सांगायचे, वडिलांचा चेहरा तसाच, मग ते ओशाळून गप्प बसायचे. हळूहळू लोकांनी त्यांच्यासमोर हसणंच सोडलं. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की चेहऱ्यावर जाऊ नका. नंतर आईच्या लक्षात आलं की काही मजेशीर ऐकलं की ते तर्जनीने खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टिचकी मारतात. तंबोऱ्याची तार तपासायला मारायचे तशीच. आता घरी आलेल्याला आम्ही आधीच सांगतो, बाबांचं हसू बोटात बघा. ग्राहक आला आणि भाव पाडून मागायला लागला की टिचक्या जोरात पडतात.

दुसरं चालण्याचं. दारात आले की पाय जागीच चिकटतात, उंबऱ्यापाशी तर हमखास. ठेका ऐकू आला की पाय सुटतात. हे फक्त आमचं निरीक्षण नाही, फिजिओथेरपीत ठोक्यावर चालण्याचा सराव देतातच. आम्ही मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राऐवजी भजनी ठेका लावला. विलंबित लयीत ते अडखळतात, फार द्रुत झाला तर तोल जातो, म्हणून लय त्यांची त्यांनी ठरवली. फरशीवर आडव्या रेघा असल्या तरी मदत होते. आई रोज उंबऱ्याच्या अलीकडे पावलाच्या अंतरावर रांगोळीच्या सरळ रेघा ओढते. ते एकेक रेघ ओलांडत येतात.

जवारी आता मी करतो. ते डोळे मिटून ऐकतात आणि "अजून" किंवा "बास" म्हणतात. कान शाबूत आहे.

हरिपूररस्ता

जवारी दादा, बोटातलं हसू वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही. आईंना सांगा, रेघा ओढताना वाकणं जड जात असेल तर सॉसच्या बाटलीला लांब नळी लावून उभ्याने ओढता येतील. बाटली मी पाठवते.

ओपीडी_सातारा

मी साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. धागा वाचून आनंद झाला. थोडं डॉक्टर म्हणून लिहितो, कारण अशा चर्चेनंतर "हसा आणि बरे व्हा" असे फॉरवर्ड फिरायला लागतात.

नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाचा अनुभव १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आला. दहा मिनिटं पोट धरून हसलो की दोन तास विनावेदना झोप लागायची, असं त्यांनी लिहिलं. तो एका माणसाचा अनुभव आहे आणि त्यांनी सोबत इतर उपायही केले होते. त्यावरून हसण्याने सांधे बरे होतात असं म्हणता येत नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की खळखळून हसल्यावर वेदना सोसण्याची क्षमता काही काळ वाढते. एवढं धरून चाला.

लिहिण्याचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या जामा या नियतकालिकात दमा आणि रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ११२ रुग्णांचा अभ्यास आला. काहींना सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. बाकीच्यांना साध्या विषयांवर. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या बऱ्याच जणांची प्रकृती तपासणीत सुधारलेली दिसली. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका ठळक आला नाही, पण वही-पेनाला खर्च काय येतो? औषध मात्र चालूच ठेवायचं, ते एका दिवसासाठीही बंद करायचं नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही मनापासून सांगतो. विनोद कधीकधी पडदा असतो. ज्याला कशावरच हसल्याशिवाय बोलता येत नाही, झोप उडालीय, डायलिसिसला जायला टाळाटाळ करतोय, "माझं काय, मी चाललोच" हे वारंवार हसत म्हणतोय, त्याच्या विनोदाला टाळी देऊ नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा. दीर्घ आजारात नैराश्य खूप आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

कऱ्हाडी_काठ

डॉक्टर, हे फार बरं केलंत. वडिलांचं मध्यंतरी असंच झालं होतं. एके दिवशी काट्यावर उभे राहून म्हणाले, "खातंच बंद करून टाका." खोलीत सगळे हसले. टेक्निशियन मात्र हसला नाही. त्याने मला बाहेर बोलावून विचारलं, घरी जेवतात का, झोपतात का. पुढे समुपदेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. आता पुन्हा वसुलीवर आलेत.

गावभाग

सांगलीकरांनो, आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी इथेच मराठी नाटकाचा पहिला खेळ केला आणि अजून कुणी नाटकावर कसं आलं नाही? इथल्या निम्म्या पोरांनी शाळेत नाट्यछटा केलेली असते. एकच पात्र, दोन-तीन मिनिटं, नेपथ्य नाही, धावपळ नाही. आजारी माणसाला याहून सोयीचा प्रकार नाही, खुर्चीत बसून करता येतो.

मलाही हरिपूररस्तासारखाच आमवात. मी गोळ्यांच्या डब्याची नाट्यछटा लिहिलीय. त्यातला तुकडा देते.

"...ए, सरका जरा! सोमवारच्या खणात किती गर्दी करता? कोण तुम्ही? प्रेडनिसोलोन? या या! तुम्ही आलात की बाईंचा चेहरा कसा गोल गरगरीत होतो, आणि मग शेजारपाजारचे म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो तुमची!’ बाई हसतात आणि आत जाऊन आरशात बघतात... आणि हे कोण कोपऱ्यात? मेथोट्रेक्झेट? नमस्कार जावईबापू! आठवड्यातून एकदाच यायचं हं. रोज आलात तर घर बुडेल. आणि तुमच्यामागून फॉलिक ॲसिड येतील, तुम्ही केलेली सांडलवंड आवरायला... अगंबाई, झाकण उघडलं! गप्प, गप्प! बाईंची बोटं आज फार सुजलीयत. झाकण उघडायलाच किती वेळ लागला त्यांना..."

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, त्याने चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. जावयाचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. मेथोट्रेक्झेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझ्या नात्यातल्या एका वयस्कर बाई पुन्हा पुन्हा विसरायच्या. ही छटा ऐकल्यापासून त्या गोळीला ‘जावई’ म्हणतात आणि दिनदर्शिकेवर त्या वारी गोल करतात.

ओपीडी_सातारा

गावभाग, परवानगी असेल तर हा तुकडा दवाखान्यात लावतो.

गावभाग

अवश्य लावा. अक्षर मोठं ठेवा.

हरिपूररस्ता

मग करूया का? ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. भावे नाट्यमंदिरातल्या कार्यक्रमाला गर्दी असते, आपल्याला तेवढं बसवणार नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी, सकाळी अकरानंतर, म्हणजे सगळ्यांची हाडं मोकळी झाल्यावर, आमच्या घरी जमू. घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. ज्याला यायचं त्याने तीन मिनिटांचं काहीतरी स्वतःचं आणायचं. छटा, चित्र, गोधडी, हाऊजी, काहीही चालेल. आजाऱ्याऐवजी घरच्यांनी येऊन त्याच्याबद्दल बोलायचं मात्र नाही. ज्याला येता येणार नाही त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. भडंग असेल. मीठ न घातलेलं वेगळ्या पातेल्यात ठेवते.

माणदेशी_माणूस

आम्ही येतो. तिला विचारलं, गोधडी आणते म्हणाली. दुपारचं ऊन टाळून परत निघावं लागेल, म्हणून आमचा नंबर आधी लावा.

बेदाणा_तासगाव

मी तिकिटं छापून आणते. सगळ्या आजारांची मिळून एक नवीन काढतेय. प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात जास्त वेळा मिळालेला सल्ला इथे लिहा, चित्र मी काढते.

जवारी

"वय झालं की होतंच." आमचा हा घे. तंबोरा मी आणतो, बाबा ऐकायला येतील. ठेक्याची सोय असू द्या, दार ओलांडायचंय.

कऱ्हाडी_काठ

"शहाळं प्या." आमचं दुसरं काय असणार. रविवार आमचा मोकळा असतो, वसुली शनिवारी होऊन जाते. वडील विचारतायत, वसुली अधिकाऱ्याची छटा बसूनच केली तर चालेल का, आणि जप्तीची नोटीस प्रेक्षकांत वाटली तर कुणाची हरकत आहे का?

हरिपूररस्ता

बसूनच करायची आहे, सगळेच बसून करणार. नोटिसा मोठ्या अक्षरात काढा म्हणावं, आणि माझ्या नावाची पहिली.